टिक काढा, म्हणजे चालेल!

गेल्या आठवड्यात टीममधला एक नवा मुलगा माझ्या डेस्कपाशी आला. कुठल्यातरी क्लायंटकडचं ॲक्सेसमधलं जुनं ॲप्लिकेशन त्याच्या गळ्यात पडलंय. नव्या मशीनवर उघडलं की 'प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही' असा एरर येतो. पण साहेब खुशीत होते.

"सापडलं उत्तर! टूल्समध्ये रेफरन्सेस उघडायचं, 'मिसिंग' लिहिलेल्या ओळीवरची टिक काढायची. झालं!"

"आणि मग?"

"मग काय? संपलं."

हे 'मग काय' ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण २००८ साली हेच वाक्य मी स्वतः फोनवर कुणालातरी ऐकवलंय, आणि त्याची किंमत मी मोजली नव्हती.

झालं होतं असं. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपला मी पगाराचं ॲप्लिकेशन करून दिलं होतं. ओळखीतलं काम, ॲक्सेस २००३. हजेरी भरा, बटण दाबा, एक्सेलमध्ये पगारपत्रक तयार. हिशेब बघणारे काका निवृत्तीला आलेले, पण त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी हाताने लिहायची वही बंद करून टाकली. फाइल एका शेअर्ड फोल्डरमध्ये, दोन मशीनवरून वापरायची. (हो, तीही माझीच चूक. त्याकडे येतोच.)

मग मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला, ऑफिस २००७ वाला. त्यांनी सहज फाइल उघडून बघितली आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमका पगाराच्या दिवशी, काकांचा फोन.

"अरे, हा म्हणतोय आजची तारीखच सापडत नाही. मग पगार कुठल्या तारखेचा काढू?"

मी हसलो. मग ऑफिसातूनच, कॉफीचा घोट घेत सांगितलं, "काका, टूल्समध्ये जा, रेफरन्सेस उघडा, मिसिंग लिहिलेली टिक काढा." त्यांनी काढली. तारीख सापडली, पण आता एक्सेलचं बटण मेलं. मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. काकांनी रात्री नऊपर्यंत बसून हाताने पगार काढले. पोरं गेटवर थांबून होती. दुसऱ्या दिवशी काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त नवी वही मागवली.

ती वही मला अजून टोचते.

आता यात घडलं काय ते बघू. मी कोडमध्ये एक्सेलच्या लायब्ररीचा थेट रेफरन्स दिला होता. ऑफिस २००३ मध्ये तिची आवृत्ती ११, ऑफिस २००७ मध्ये १२. जुनी फाइल नव्या ऑफिसमध्ये उघडली की हा रेफरन्स गुपचूप नव्या आवृत्तीवर चढतो. पण तीच फाइल परत जुन्या मशीनवर आली की तो आपणहून खाली उतरत नाही. १२ तिथे नाहीच, म्हणून 'मिसिंग'.

मग 'डेट'ने काय घोडं मारलं होतं? काहीच नाही! कोडमध्ये नुसतं डेट, लेफ्ट किंवा ट्रिम लिहिलं की ते नाव कुठल्या लायब्ररीतलं आहे याचा शोध रेफरन्सच्या यादीतून घेतला जातो. यादीतली एक लायब्ररी तुटकी निघाली की शोधच कोलमडतो आणि एरर भलत्याच ओळीवर उमटतो. चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हणून कुणी सांगतं, प्रत्येक ठिकाणी 'व्हीबीए.डेट' असं पूर्ण नाव लिहा. लिहा हवं तर. त्याने ओरडा थांबेल, दुखणं तसंच राहील.

आणि टिक काढणं? ती लायब्ररी कोडमध्ये कुठेच वापरलेली नसेल, तर तो उपाय शंभर टक्के बरोबर. टिक काढा, डीबग मेनूतून कंपाइल चालवा, काही तक्रार आली नाही तर सुटलात. पण वापरलेली असेल तर तुम्ही एरर काढलेला नाही, फक्त पुढे ढकललाय. तोही अशा माणसाकडे, ज्याला रेफरन्स कशाशी खातात हे माहीत असायचं काही कारण नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मिसिंग रेफरन्स हा वापरणाऱ्याचा प्रॉब्लेम नाही. ज्याने तो रेफरन्स दिला, त्याचा आहे. मी तो का दिला होता? टिंब टाकलं की खाली यादी उघडावी म्हणून! माझा टायपिंगचा त्रास वाचावा म्हणून मी काकांच्या मशीनवर एक अट लादली, आणि ती अट त्यांना सांगितलीही नाही.

यावर ठरलेला बचाव असतो: थेट रेफरन्समुळे चुका कंपाइल करतानाच कळतात, कोड थोडा वेगाने चालतो. मान्य. म्हणून लिहिताना जरूर वापरा. पण देताना काढून टाका. एक्सेलचा व्हेरिएबल नुसता 'ऑब्जेक्ट' म्हणून जाहीर करा आणि क्रिएटऑब्जेक्टने एक्सेल उघडा. मग मशीनवर जी आवृत्ती असेल ती चालते. फक्त एक्सेलची स्थिर नावं आता ओळखली जाणार नाहीत, त्यांचे आकडे स्वतः लिहावे लागतात: एक्सएलअप म्हणजे -४१६२, एक्सएलसेंटर म्हणजे -४१०८. आणि मॉड्यूलच्या डोक्यावर ऑप्शन एक्सप्लिसिट हवंच. नाहीतर विसरलेलं नाव रिकामा व्हेरिएबल बनून बसतं, आणि मग एररही येत नाही, चुकीचं उत्तर येतं. ते जास्त वाईट.

शिवाय टेबलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फॉर्म आणि कोडची फाइल प्रत्येकाच्या मशीनवर स्वतंत्र द्या. एवढं केलं असतं तर मालकांच्या एका डबल क्लिकने काकांचा दिवस बुडाला नसता. आणि सुरुवातीलाच सगळे रेफरन्स तपासून, 'इज ब्रोकन' खरं आलं तर साध्या मराठीत निरोप दाखवा. असं करायला मला तेव्हा एक दुपार पुरली असती.

आता काही जण नाक मुरडतील. ॲक्सेस? ते काय प्रोग्रामिंग आहे का! बरं. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं, आणि बाबेलसारख्या नावाजलेल्या प्रकल्पांचेही बिल्ड जगभर कोसळले. शब्दाच्या डावीकडे जागा भरायचं काम करणाऱ्या अकरा ओळी! रोग तोच. दुसऱ्याची वस्तू उचलायची, ती कायम जागेवर राहील असं धरून चालायचं, आणि नाही राहिली की 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणायचं.

असो. त्या मुलाला मी टिक परत लावायला सांगितली. मग आम्ही दोघांनी बसून ती लायब्ररी कोडमध्ये कुठे कुठे वापरलीये ते शोधलं. सात जागा निघाल्या. त्यातली एक, पगारपत्रकाचं बटण.