रिमोटवरची सावली

आधीच सांगून टाकतो, पर्गोला नावाच्या वस्तूवर माझा राग नाही. चार खांब, वर आडव्या पट्ट्या, त्यावर एखादा वेल. आपल्याकडे त्याला मांडव म्हणतात आणि तो दोडक्या-भोपळ्यासाठी घालतात. माझा राग आहे तो जालन्यासारख्या गावात रिमोटवर उघडझाप होणारं अ‍ॅल्युमिनियमचं छत बसवण्यावर. आणि त्यापेक्षा जास्त, ते बसवता यावं म्हणून अंगणातला कडुनिंब पाडण्यावर.

प्रकरण घरचंच आहे. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, बंगलोरला मॅनेजर आहे. जालन्याचं घर तो नव्याने करून घेतोय. पैसे त्याचे, कर्ज त्याचं, त्यामुळे मी बोलू नये असा एक मतप्रवाह घरात आहे. असो. तर इंटेरियरवाल्याने त्याला थ्रीडी चित्र पाठवलं. पंधरा बाय बाराचा पर्गोला, चारकोल ग्रे रंग, कडेने एलईडी, पावसाचा थेंब पडला की पट्ट्या आपोआप मिटवणारा सेन्सर, आणि खाली कॉफी पिणारी दोन गोरी माणसं. कोटेशन चार लाखांच्या वर, जीएसटी वेगळा. चित्रात कडुनिंब नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "तो मधे येतो ना."

दादाचं म्हणणं एका वाक्याचं आहे. "काकांना संध्याकाळी बाहेर बसायला सावली पाहिजे." काका म्हणजे माझे बाबा. ते रिटायर झाल्यापासून रोज साडेचार-पाचला अंगणात खुर्ची टाकून बसतात. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद भूमितीबद्दल आहे.

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत शिकलेलं फारसं कामाला आलं नाही, पण त्रिकोणमिती शाळेतलीच पुरते. जालन्याचं अक्षांश साधारण १९.८ अंश. मे महिन्याच्या १९-२० तारखेला दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच पडते. त्या वेळी छत उपयोगाचं आहे हे कबूल. पण त्या वेळी जालन्यात अंगणात बसतं कोण? सगळे कूलरसमोर असतात. बाबा बसतात पाच वाजता. तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५-२६ अंशांवर असतो, जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला. आता नऊ फूट उंचीच्या छताची सावली जमिनीवर किती सरकेल? सुमारे १९ फूट. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर धरलं तर तिथे ती साडेदहा फूट सरकलेली असेल. आमचं अंगण पश्चिमेला आणि पर्गोल्याची पूर्व-पश्चिम रुंदी बारा फूट. म्हणजे भिंतीला अगदी पाठ चिकटवून बसलं तर दीड फुटाच्या पट्टीत डोक्याला सावली. बाकी चार लाखांची सावली घराच्या भिंतीवर!

पट्ट्या ४५ अंशांत वळवा, ९० अंशांत वळवा, काही फरक पडत नाही. ऊन वरून येतच नाहीये, बाजूने येतंय.

आणि बाजूला काय आहे? पश्चिमेच्या कंपाउंडला लागून उभा असलेला कडुनिंब. तीसेक फूट उंच. त्याच २५-२६ अंशांच्या उन्हात शेंड्याची सावली साठ फूट लांब जाते. आजोबांनी तो तिथे लावला तेव्हा त्यांनी टॅन थीटा काढला नव्हता, पण संध्याकाळचं ऊन कुठून येतं हे त्यांना माहीत होतं. जी वस्तू सावलीचं काम करत उभी आहे तीच काढून तिथे सावलीचं यंत्र बसवायचं, याला आमच्या ऑफिसात चालू सिस्टीमचं मायग्रेशन म्हणतात. तिथे निदान रोलबॅक प्लॅन असतो. तीस वर्षांच्या झाडाला तो नाही.

हे हलत्या पट्ट्यांचं छत मुळात वाईट नाही. ते ज्या हवेसाठी आहे तिथे मस्तच आहे. पॅरिसमधे डिसेंबरच्या दुपारी सूर्य १८ अंशांच्या वर जात नाही, जूनमधे ६५ च्या आत राहतो. तिकडच्या माणसाला वर्षातले बरेच महिने ऊन हवं असतं आणि थोडे दिवस नको असतं, शिवाय पाऊस कधीही. पट्ट्या फिरवून ऊन आत घ्यायचं, त्याची गंमत तिथे आहे. जालन्यात डिसेंबरच्या दुपारीही सूर्य ४६-४७ अंशांवर असतो. आपल्याला थंडीत ऊन खायचं असेल तर खुर्ची चार पावलं सरकवायची. मोटर कशाला?

बरं, मेच्या दुपारी मिटलेलं अ‍ॅल्युमिनियम, तेही गडद रंगाचं, हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि मग खाली बसलेल्याच्या टाळूवर तीच उष्णता फेकतं. पत्र्याच्या शेडखाली दुपारी एसटीची वाट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पान तसं तापत नाही, ते पाणी सोडतं आणि स्वतःला गार ठेवतं. कडुनिंबाखाली आणि पत्र्याखाली सावली सारखीच काळी दिसते, पण माणसाला ती सारखी लागत नाही.

पावसाचं म्हणाल तर आपल्याकडे पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. वळीव येतो तेव्हा आधी वावटळ, मग धूळ, मग लाईट जाते, मग पाऊस. हा क्रम जालनेकराला पाठ आहे. सेन्सरने पट्ट्या मिटायच्या त्या वेळी मोटरला वीज नसते. (इन्व्हर्टरवर घेता येईल, हो. म्हणजे अजून एक बिल.) आणि गारा? २०१४ आणि २०१८ ची गारपीट जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत. राहिली धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ, त्यात एमआयडीसीच्या स्टील कारखान्यांची काजळी. बिजागऱ्यांत ती किती दिवसांत बसेल, आणि बसली की पुण्याहून टेक्निशियन किती दिवसांत येईल?

तुम्ही म्हणाल, हा अडाणीपणा झाला, उघडमिटीचं छत ही कल्पना तर चांगली आहे. चांगली आहेच! आणि आपल्याकडे ती जुनी आहे. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घराच्या माळवदाला उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून भोक ठेवतात, साणं म्हणतात त्याला, काहीजण सवणं म्हणतात. पाऊस आला की वर चढून त्यावर पत्रा किंवा जुनं घमेलं पालथं घालायचं. झालं अ‍ॅडजस्टेबल रूफ. फिरत्या पट्ट्या हव्या असतील तर जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी झिलमिल्या असायच्या, एका दांडीने सगळ्या पट्ट्या एकदम वळायच्या. मोटर सोडली तर यंत्र तेच.

आणि जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी तर सावलीचं तंत्रज्ञान शेतात उभं आहे. हा बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मधे इथेच महिको काढली, १९९८ मधे त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. इथे आणि शेजारी देऊळगाव राजाकडे शेतकरी शेडनेटमधे भाजीपाल्याचं बी पिकवतात. किती टक्के सावली पिकाला सोसते, नेट कोणत्या उंचीवर ताणायची, वाऱ्याने फाटू नये म्हणून काय करायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. आणि लोखंडाचं तर बोलायलाच नको, जालन्याची सळई राज्यभर जाते. अशा गावात सावलीसाठी चार लाखांचं कोटेशन बाहेरून मागवायचं म्हणजे कमाल आहे.

दादाची एक तक्रार मात्र खरी आहे. कडुनिंबाचा कचरा होतो. पानगळ, मग मोहर, मग जून-जुलैत लिंबोळ्या, त्यावर कावळे. आई रोज झाडते आणि रोज वैतागते. झाडायचं काम बंगलोरच्या माणसाचं नाही आणि पुण्याच्या माणसाचंही नाही, त्यामुळे मी इथे फार ज्ञान पाजळत नाही. पण आईला विचारलं तर ती म्हणाली, "झाडायला बाई लावा, झाड कशाला पाडता?" तिला कुणी थ्रीडी दाखवलेलंच नव्हतं.

कायद्याचं पण बघावं लागेल. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण आणि जतनाच्या कायद्याखाली परवानगी लागते, आणि २०२३ पासून जालन्यात महापालिका आहे. कोटेशनमधे "साइट क्लिअरन्स" असे दोन शब्द आहेत. ती परवानगी कोण काढणार ते त्यात नाही.

मी दादाला उलट प्रस्ताव पाठवलाय. कडुनिंब जागेवर. खालच्या फांद्या जाणकाराकडून नीट छाटून घ्यायच्या. घराच्या बाजूला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा साधा सांगाडा, वर दोन तारा, तारांवर कड्या लावलेली पंचाहत्तर टक्क्यांची शेडनेट. दुपारी दोरी ओढून पसरायची, रात्री गोळा करायची, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे अजूनही कुणी ना कुणी बाहेर बाज टाकतं आणि त्याला आकाश पट्ट्यापट्ट्यांचं नको असतं. एका खांबाला मधुमालती, बेसिनच्या पाण्यावर जगेल. पाण्याचं सांगतोय कारण ज्या शहराने २०१२-१३ चा दुष्काळ काढलाय तिथे नळाच्या भरवशावर वेल लावू नये. उरलेल्या पैशात कर्जाचे किती हप्ते कमी होतात ते एक्सेलमधे काढून सोबत जोडलंय, फॉर्म्युल्यांसकट :-)

दादाने मेल वाचलाय, उत्तर दिलेलं नाही. इंटेरियरवाला मात्र अंगणाची मापं घ्यायला पुढच्या रविवारी येतोय. मी शनिवारच्या रात्रीच्या बसने निघतोय.