तिसरा संघ शहापूर-मुरबाडला द्या

प्रो कबड्डी २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली, २०१७ मध्ये बारा झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला तेव्हाही दोनच होते, आजही दोनच: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. तिसरा कुणाला द्यायचा म्हटलं, की कुणीही नागपूर किंवा नाशिक म्हणेल. मी म्हणतो, शहापूर-मुरबाडला द्या.

‘तिथे स्टेडियम कुठंय?’ असं विचाराल. मग २०२५ चा हंगाम आठवा. सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. यू मुंबाचा एकही सामना मुंबईत झाला नाही, तरी संघ मुंबईचाच. मुंबईला हे चालतं, तर अट आम्हालाच का?

आणि नुसतं जर्सीवर नाव नकोय. इथली बहुतेक पोरं मातीवर खेळतात. लीग मॅटवर होते. मॅटवर बूट घालून पाय वेगळा पडतो. निवड चाचणीलाच पहिल्यांदा मॅटवर उतरणारा पोरगा तिथेच मागे पडतो. म्हणून संघमालकाला अट घाला: दोन्ही तालुक्यांत एकेक मॅट, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि निवड चाचणी इथेच.

भातसा-तानसाचं पाणी मुंबईला नेताना कुणी विचारलं नव्हतं, तुमच्याकडे स्टेडियम आहे का?