गाडी पायथ्याला राहू द्या

राजहंसगडावर आता गाडी थेट वर जाते. बेळगावहून निघालेला माणूस तासाभरात तटाशी पोहोचतो, शिवरायांच्या पुतळ्यापुढे हात जोडतो, फोटो काढतो आणि जेवणाच्या वेळेला घरी परततो. म्हाताऱ्या माणसांना, लेकुरवाळ्या बायकांना या रस्त्यामुळे गड दिसला, हे फार चांगले झाले. पण ज्यांचे पाय धड आहेत तेही गाडीनेच वर जातात, याचे वाईट वाटते. डोंगराने मन हलके होते ते चढताना, आणि नेमके तेच आपण टाळू लागलो आहोत.

चढ लागला की थोड्याच वेळात बोलणे तुटक होते. श्वासाचा आणि पावलाचा मेळ बसवण्यात सारे लक्ष गुंतते. पावसाळ्यात मुरमाड वाट निसरडी झालेली असते. पाय कुठे टाकायचा हे पाहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. तेवढा वेळ बँकेचा हप्ता, पोराची नोकरी, भावकीतला वाद यांना डोक्यात शिरायला वाव मिळत नाही. मध्येच दम खायला थांबून मागे पाहावे, तर खाली बासमतीसाठी नावाजलेल्या येळ्ळूर शिवारातली भातखाचरे पाण्याने भरलेली दिसतात. घाम वाऱ्याने सुकतो. घरून निघताना डोंगराएवढी वाटणारी अडचण तिथे निदान नीट मांडून पाहता येते.

शास्त्रज्ञांनीही हे तपासले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2015 मधील अभ्यासात, झाडागवतातून दीड तास चाललेल्यांचे तीच ती चिंता उगाळणे कमी झाल्याचे आढळले आणि मेंदूतील त्याच्याशी निगडित भागही शांतावला. वाहत्या हमरस्त्याच्या कडेने तेवढेच चाललेल्यांत तसा फरक दिसला नाही. अभ्यास छोटा, जेमतेम 38 जणांचा होता. पण 2019 साली इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीतही, आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन:स्थिती बरी असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हे दोन तास एकदम की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. म्हणजे एका रविवारची सकाळ पुरते.

आपल्याला त्यासाठी सह्याद्रीच्या ऐन कड्यांपर्यंतही जावे लागत नाही. देवरवाडीचा वैजनाथ, महिपालगड, निपाणीकरांना स्तवनिधीचा आणि आडीचा डोंगर. वैजनाथ नि महिपालगड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात; बेळगावचा माणूस राज्याची हद्द ओलांडून त्या वाटेला लागतो. श्रावणी सोमवारी देवाच्या निमित्ताने आपली माणसे डोंगर चढत आली, हा मोठा ठेवा आहे. तो वर्षातल्या चार-पाच दिवसांपुरताच का राहावा?

निपाणीतल्या विडी कामगार बाईचा विचार करा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू नि कातरलेली पाने, मान खाली, दिवसभर बोटे चालू. उजाडल्यापासून स्वयंपाक-पाणी वेगळेच. मोकळ्या चढावरच्या दोन तासांची सर्वांत जास्त गरज तिला आहे आणि ते मिळण्याची शक्यता तिलाच सर्वांत कमी. तिच्याकडे बूट नाहीत, ट्रेकिंगचा ग्रुप नाही, एकटीने आडवाटेला जायची सोय नाही. डोंगर सगळ्यांचा म्हणायचा, तर ती वाट तिला निर्धास्तपणे चालता आली पाहिजे.

एक मात्र बजावून सांगायला हवे. झोप उडालेली, जेवण सुटलेले, जीव नकोसा झालेला माणूस दिसला तर ‘जरा डोंगर चढून ये’ म्हणून त्याची बोळवण करू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. चालणे उपचारांच्या जोडीला असावे, त्यांच्या जागी नव्हे.

डोंगरांवर रस्ते झाले, आता जुन्या पायवाटांकडे पाहा. श्रावणाआधी ग्रामपंचायतींनी आणि वनखात्याने मिळून त्यांच्यावरची झुडपे तोडावीत, वळणावर मराठी-कन्नड पाट्या लावाव्यात, पायथ्याशी पाण्याची नि स्वच्छतागृहाची सोय करावी. रविवारी सकाळचे चार तास वरचा रस्ता वृद्ध, अपंग आणि डोंगरावरच्या रहिवाशांच्या गाड्यांपुरता ठेवावा. बाकीच्यांनी गाडी पायथ्याला लावून चालू लागावे.