न्यायमूर्तींच्या मोठेपणाचा आम्हाला काय उपयोग?

मैत्रिणींनो, न्यायमूर्ती रानड्यांवरची भाषणं मी बीडमध्ये पुष्कळ ऐकली आहेत. १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले, सरकारच्या संशयामुळे धुळ्याला बदली झाली, १८९३ मध्ये तेलंगांच्या जागी मुंबई हायकोर्टात बसले. १८८७ मध्ये सामाजिक परिषद उभी केली. ते थोर होते, यावर माझा वाद नाही.

पण १८७३ साली पहिली पत्नी वारली, तेव्हा विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या एकतीस वर्षांच्या न्यायाधीशाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढे तिला शिकवलं, ती रमाबाई रानडे झाली. वक्ते इथे टाळ्या घेतात. मी विचारते, शिक्षण हा त्या मुलीचा हक्क होता की नवऱ्याची मेहेरबानी? मेहेरबान नवरा न मिळालेल्या मुलींचं काय झालं?

रखमाबाईंचंच बघा. अकराव्या वर्षी लग्न लावलेली ही बाई नवऱ्याकडे जायला नाही म्हणाली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी नवऱ्याचा दावा फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. एका खुर्चीने दिलेलं दुसऱ्या खुर्चीने काढून घेतलं.

तेव्हा बीडवर निजामाचं राज्य होतं. आज ते हायकोर्ट आपलंही आहे, आणि तरी इथे बालविवाह होतात. का? 'आईबापाला अक्कल नाही' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल कोयत्यावर देतो. म्हणजे लग्न झालं की कोयता वाढला. आईबाप कारखान्यावर गेले की वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची?

आणि २००६ चा कायदा काय म्हणतो? बालविवाह लावणं गुन्हा, पण लागलेलं लग्न सहसा आपोआप रद्द होत नाही. मुलीनेच कोर्टात जायचं, तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहणारी, कडेवर मूल असलेली पोर कुठल्या वकिलाकडे जाणार? रखमाबाईंवरचं ओझं आपण तिच्या डोक्यावर तसंच ठेवलं आहे.

शेजारच्या कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने असं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं. महाराष्ट्राने का करू नये? सोबतच पोटगी आणि मुलांचे हक्क अबाधित राहिले पाहिजेत, नाहीतर कायदा तिच्यावरच उलटेल. आणि हंगामात मुलींसाठी गावात वसतिगृहं चालली पाहिजेत.

दिवाळीनंतर टोळ्या निघतात. त्याआधी प्रत्येक गटाने ग्रामसभेत हे ठराव मांडावेत. भल्या न्यायमूर्तीची वाट पाहण्यात आपल्या पोरींची वयं निघून जातात.