धीर नको, स्क्रूड्रायव्हर द्या



प्रशिक्षण कार्यक्रमांच्या अहवालांत एक वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे, की आता ते झोपेतही लिहीन : ‘गरजू महिलांना शिलाई मशीनचे वाटप करण्यात आले.’ सोबत फोटो. हार घातलेलं मशीन, त्यामागे पाहुणे आणि एका कोपऱ्यात पदर सावरत उभी असलेली बाई. सहा महिन्यांनी त्या मशीनचं काय झालं, हे लिहायला अहवालात रकाना नसतो. वस्तीत फिरताना मात्र ते दिसतं. कुठे त्यावर पिठाचा डबा असतो, कुठे मुलांची दप्तरं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “बिघडलंय.” आणि मागोमाग, हळू आवाजात, “मला नीट चालवताच येत नाही.”

हे दुसरं वाक्य मला छळतं.

मी सोलापुरात काम करते. पूर्व भागातल्या वस्त्यांत घरोघरी विड्या वळल्या जायच्या, अजूनही वळतात. पण बऱ्याच घरांत आता मशीन आलं आहे. सोलापूरचे शाळेचे गणवेश दूरदूर जातात. कापून दिलेला माल गठ्ठ्याने घरी येतो, मजुरी नगावर. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे हा सुगीचाही काळ आणि उन्हाने, घाईने जीव नकोसा करणाराही.

अशाच एका मे महिन्यात मी आमच्या गटातल्या अक्कांच्या घरी गेले. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नाव देत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी साठ शर्ट द्यायचे होते. शिवणीचा वरचा टाका सरळ, उलट बाजूला मात्र दोऱ्याचा गुंता. एकच कॉलर तीनदा उसवून झाली होती. कापडाला भोकं पडायला लागली होती आणि खराब नगाचे पैसे मजुरीतून कापले जाणार होते. अक्कांनी बॉबिन पाच वेळा काढून घातली, केसचा स्क्रू पिळून पाहिला. मग मशीनवर हात आपटला. मग मध्ये आलेल्या लेकीच्या पाठीत धपाटा घातला. मी पोचले तेव्हा दोघी रडत होत्या.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई. मी काय केलं? पाणी दिलं, शेजारी बसले, म्हणाले, “अक्का, जरा थांबा. डोकं शांत करा. होईल सगळं.” त्यांनी माझा मान राखून ऐकून घेतलं. शर्ट साठचे साठच राहिले.

तेवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी कॉलर उलटी करून पाहिली. काही न बोलता वरचा दोरा पूर्ण काढला, कापड दाबणारा पाय वर उचलला, दोरा पुन्हा ओवला आणि चिंधीवर टाका घालून पाहिला. सरळ! मग सुई काढून नखावर फिरवली. टोक बोथट झालं होतं, नवी लावली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

नंतर मी त्यांच्याकडे बसून शिकले. गुंता कापडाच्या खाली दिसला की आपण खालच्या बॉबिनला दोष देतो. बहुतेक वेळा चूक वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. तो सैल सुटतो आणि खाली त्याचेच फासे जमतात. पाय खाली असताना दोरा ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत शिरत नाही. टाके सुटत असतील तर आधी सुई पाहायची, वाकली आहे का, उलटी बसली आहे का. सुईच्या ज्या बाजूला लांब खाच, त्या बाजूने दोरा ओवायचा. जाड कापडाला १४ ऐवजी १६ नंबरची सुई. मशीन जड चालत असेल तर दात्यांखाली साचलेले कापडाचे तंतू ब्रशने काढायचे, मग तेलाचे थेंब. तेही मशीनचंच तेल. खोबरेल घातलं तर आत चिकटून बसतं. (“मशीनचं टेन्शन बिघडलं की माझं वाढतं,” असं एकीने वर्गात म्हटलं तेव्हा सगळ्याजणी खूप हसलो.)

यात अवघड काही नाही. मग अक्कांना ते माहीत का नव्हतं? कारण आमच्याच संस्थेच्या सहा महिन्यांच्या वर्गात आम्ही ते शिकवलं नव्हतं. ब्लाउज, पेटीकोट, काज, सगळं होतं. मशीन उघडणं नव्हतं. ‘मिस्त्री आहे की!’ मिस्त्री येतो त्याच्या सवडीने. आला की काय बिघडलं ते नवऱ्याला सांगतो. मशीन चालवणारी तेव्हा आत चहा ठेवत असते. मुलगा जुना पंखा उघडून बसला तर त्याचं डोकं चालतं म्हणून कौतुक, मुलीने मशीनचा स्क्रू फिरवला तर “हात लावू नको, बिघडेल.” शिवण बाईची आणि यंत्र पुरुषाचं, अशी वाटणी एकाच मशीनच्या आत करून ठेवली आहे. बाईला शिवण शिकवून पायावर उभं करायचं, हा उपाय आपल्याकडे जुना आहे. पुण्याचं सेवासदन १९०९ सालचं. मशीनही येत राहतात. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत शिंप्याच्या कामाचा समावेश आहे, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. मशीन आलं की आपण टाळ्या वाजवून मोकळ्या होतो.

वैफल्याला तोंड देण्याच्या पद्धती आम्हाला अभ्यासक्रमात शिकवल्या होत्या. त्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. धपाटा बसण्याआधी उठून दारात उभं राहणं हेही शिकावं लागतं. अक्का आता तसं करतात. पण सुई बोथट असताना बाईला धीर देत बसणं म्हणजे तिचा राग तिच्याच गळ्यात घालणं. ते मी केलं आहे.

बैठकीत मी दुरुस्तीच्या वर्गाची कल्पना मांडली तेव्हा आमची एक जुनी कार्यकर्ती भडकली. “स्वयंपाक तिने करायचा, पाणी तिने भरायचं, शर्ट तिने शिवायचे, आता मिस्त्रीचं कामही तिनेच, आणि फुकट? मालकाला आणखी काय हवं!” तिचं म्हणणं खोटं नाही. कारखान्यात मशीन बंद पडलं तर दुरुस्तीचा खर्च मालकाचा. घरी बंद पडलं तर वेळ, सुई, तेल, वीज सगळं बाईचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक १७७ केला. ‘सेवा’सारख्या आपल्याकडच्या संघटनांनी त्यासाठी जोर लावला होता. सोबतच्या शिफारस क्रमांक १८४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की यंत्राच्या देखभालीचा खर्च आणि त्या देखभालीत गेलेला वेळ, या दोन्हींची भरपाई मिळावी. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

तरी मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. भरपाई मागायची तर बिघाड मोजता आला पाहिजे. जिला वाटतं आपलाच हात वाईट आहे, ती बंद मशीनचे तास कुणाकडे मागणार? स्वतःची चूक आणि मशीनची चूक यांतला फरक कळला, तरच तिसरा कोणी दिसायला लागतो, जो दोन्हींचे पैसे कापतो.

म्हणून आता वर्गाचा पहिला आठवडा शिवणाचा नाही, मशीन उघडण्याचा आहे. शिकवतात त्या शेजारच्या वहिनी, आणि त्यांना बाहेरच्या मिस्त्रीइतकेच पैसे देतो. प्रत्येकीला एक डबा : स्क्रूड्रायव्हर, ब्रश, तेलाची बाटली, सुया. आणि एक वही. मशीन कधी बंद पडलं, कशाने, किती वेळ, किती सुया मोडल्या, ते तिने लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते. ठेकेदाराने अजून वहीकडे बघितलेलं नाही.

नव्या प्रस्तावात आम्ही ‘दुरुस्ती साहित्य व प्रशिक्षण’ ही बाब घातली होती. ती खोडून परत आली. शेरा होता, ‘मशीन नवीन असल्याने आवश्यकता नाही.’ आम्ही ती पुन्हा लिहून पाठवली आहे. सोबत अक्कांच्या वहीची तीन पानं जोडली आहेत.