वालाला रकाना नव्हता

भात कापून झाले की पेण-रोह्याकडच्या खाचरांत धसकटे उरतात आणि त्यांच्यामधून वालाचे कोंब डोके काढतात. ना पाणी, ना खत. जमिनीत मुरलेल्या ओलीवर सारा संसार. थंडीत याच शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात जातात आणि पोपटीला मुंबईचे पाहुणे न बोलावता हजर होतात.

मी बँकेत पीककर्जाचे अर्ज तपासत असे. भाताला एकरी युरिया किती, त्याचे रुपये किती. रकाना भरला की सही. वालाला रकानाच नव्हता. 'ते काय, असेच येतात!' असे आम्ही साहेबलोक म्हणायचो.

रोह्याकडच्या एका शेतकऱ्याने एकदा वालाचे झाड उपटून माझ्या हातावर ठेवले. "साहेब, ही आमची गोणी." मुळांवर बारीक गाठी होत्या. नखाने फोडली तर आत गुलाबी. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला बांधून देतात, आणि ते कामावर असल्याची खूण म्हणजे तो गुलाबी रंग. हवेत ७८ टक्के नत्र. पण भात पडला गवताच्या कुळातला, त्याला तो थेट घेता येत नाही. म्हणून युरिया, ज्यात ४६ टक्के नत्र. तोही भरल्या खाचरात नुसता फेकला तर बराचसा हवेत नाही तर पाण्यात जातो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचतात आणि चिखलात गिरिपुष्पाचा पाला गाडतात, तो याचसाठी. गिरिपुष्पही वालाच्याच गोतावळ्यातले.

वालाने युरियाची गोणी सुटते, असे मात्र मी म्हणणार नाही. बराचसा नत्र दाण्याबरोबर बाजारात जातो. उरलेल्याचे आपण काय करतो? झाड मुळासकट उपटतो, खळ्यावर झोडतो. भुसा गुरांना घातला तर शेणातून परत येईल, पण गोठे ओस पडले. वैशाखात राब भाजतो, तेव्हा पाल्यापाचोळ्यातला नत्रही धुराबरोबर जातो. राबाने तण मरते, हे खरे; पण एका हाताने जाळायचे आणि दुसऱ्या हाताने गोणीसाठी कर्ज काढायचे, त्या कर्जावर सही माझी.

आता तर मोकाट गुरांना कंटाळून कित्येकांनी वाल पेरणेच सोडले आहे. पेणजवळच्या आमच्या खाचरात भाच्याने यंदा अर्धे वाल विळ्याने कापले, मुळे जमिनीतच ठेवली. अर्धे रीतसर उपटले. भाताचे काय होते ते पावसाळ्यात कळेल. बिरड्याला दोन्हीकडचे वाल सारखेच लागले, असे बहीण म्हणते.