पाहुणे येऊन गेले, पुढे काय?

अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात. चार वर्षांनी पदवी हाती येते. मधल्या काळात मुले शेकडो तास वर्गात बसतात, जर्नल पूर्ण करतात, तोंडी परीक्षा देतात. पण या चार वर्षांत प्रत्यक्ष पूल बांधलेल्या किंवा यंत्र बंद पडले म्हणून रात्रभर कारखान्यात जागलेल्या किती अभियंत्यांशी त्यांचे बोलणे झाले, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'एकाशीही नाही' असे येते. ज्याच्या घराण्यात कोणी अभियंता नाही, जो तालुक्याच्या गावातून शिकायला आला आहे, त्याला तर आपण नेमके कोण होणार आहोत, हेच शेवटच्या वर्षापर्यंत उमगत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा सोपा आणि कमी खर्चाचा मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांचे अभियांत्रिकी मंडळ. अनेक महाविद्यालयांत असे मंडळ असतेही. थाटात उद्घाटन होते, एखादे मोठे नाव व्याख्यानाला येते, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्र सूचनाफलकावर लागते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मंडळाचे नावही कोणी काढत नाही. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे समजून घेण्यासाठी दोन जुनी उदाहरणे उपयोगी आहेत.

कॉफीगृहातले तरुण

२ जानेवारी १८१८ रोजी लंडनमधील फ्लीट स्ट्रीटवरच्या केंडल कॉफीगृहात मूठभर तरुण जमले. त्यांचा पुढाकारी होता हेन्री रॉबिन्सन पामर. पुढे १८२९ मध्ये त्यानेच पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. आज आपल्याकडे गावोगावी छपरांवर दिसणारा पत्रा तोच. त्या काळी इंग्लंडमध्ये अभियंता व्हायचे तर एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागे. ज्येष्ठ अभियंत्यांची एक संस्था होती, पण ती प्रामुख्याने एकत्र जेवण्यापुरती. नवख्यांना शिकायला जागा नव्हती. तेव्हा आपणच एकमेकांना शिकवू, असे या तरुणांनी ठरवले. शास्त्रज्ञ आणि कारागीर यांच्यामधला दुवा म्हणजे अभियंता, अशी पामरची मांडणी होती.

दोन वर्षे मंडळ कसेबसे चालले. सभासद वाढेनात. मग या तरुणांनी धीर करून थॉमस टेलफर्ड यांना अध्यक्ष होण्याची विनंती केली. टेलफर्ड हे स्कॉटलंडमधील एका मेंढपाळाचे पुत्र. गवंडीकाम शिकून वर आलेले आणि तोवर रस्ते, कालवे व पूल यांमुळे देशभर नावाजलेले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, १८२० मध्ये, त्यांनी ही विनंती मान्य केली आणि १८३४ मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्षपद सांभाळले.

टेलफर्ड यांनी मंडळाला आपल्या संग्रहातली पुस्तके दिली, पण त्याहून मोलाचा सल्ला दिला. सभासदांच्या संख्येमागे लागू नका, त्यांची योग्यता पाहा, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले. प्रत्येक सभासदाने आपल्या कामाचा अनुभव लिहून आणावा, तो सर्वांपुढे वाचावा आणि त्यावर चर्चा व्हावी, असा तिथला रिवाज पडला. १८३७ पासून हे निबंध आणि चर्चा छापून प्रसिद्ध होऊ लागल्या. मंडळाला १८२८ मध्येच राजसनद मिळाली होती. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या नावाने ती संस्था आजही काम करते आहे.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, मोठ्या माणसाच्या नावाने मंडळाला उभारी मिळाली, पण ते टिकले सभासदांच्या स्वतःच्या कामामुळे.

दार उघडे ठेवल्याचा फायदा

दुसरे उदाहरण अमेरिकेतील पॅसाडेना गावचे. १९३५ मध्ये तेथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे कॅलटेकमध्ये, विल्यम बॉले या विद्यार्थ्याने रॉकेटवर चालणाऱ्या विमानाविषयी व्याख्यान दिले. वक्ता बाहेरचा नव्हता, नामांकितही नव्हता. रॉकेट हा विषय तर तेव्हा चित्रकथांत शोभणारा मानला जाई. पण व्याख्यानाची बातमी वर्तमानपत्रात आली आणि जॅक पार्सन्स व एड फोरमन हे दोन तरुण चौकशी करीत आले. दोघेही कॅलटेकचे विद्यार्थी नव्हते. एकाला स्फोटक रसायनांचे ज्ञान होते, दुसरा यंत्रकामात तरबेज होता. बॉलेने त्यांची गाठ फ्रँक मलिना या आपल्या सहविद्यार्थ्याशी घालून दिली. प्राध्यापक थिओडोर फॉन कार्मान यांनी या मुलांना पाठिंबा दिला.

३१ ऑक्टोबर १९३६ रोजी गावाबाहेरच्या कोरड्या नदीपात्रात त्यांनी पहिली चाचणी घेतली. ती फसली. प्राणवायूच्या नळीने पेट घेतला आणि सगळ्यांना पळावे लागले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. या गटातूनच पुढे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली आणि ३१ जानेवारी १९५८ रोजी अवकाशात गेलेला अमेरिकेचा पहिला उपग्रह 'एक्सप्लोरर-१' याच प्रयोगशाळेने तयार केला.

प्रत्येक मंडळातून उपग्रह निघणार नाही, हे उघड आहे. पण त्या दिवशी 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' असा पवित्रा घेतला गेला असता तर ही माणसे एकत्र आली नसती. आपल्या मंडळांनीही आयटीआयची मुले, डिप्लोमाचे विद्यार्थी आणि जवळच्या वर्कशॉपमधले कामगार यांना व्याख्यानाला आवर्जून बोलवावे.

सुरुवात कशी करावी?

मंडळ सुरू करायला सात-आठ उत्साही विद्यार्थी पुरतात. एका प्राध्यापकाला मार्गदर्शक म्हणून विचारावे, प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि महिन्यातला एक ठराविक वार व वेळ पक्की करावी. वर्गणी माफक असावी आणि पै-पैचा हिशेब वहीत लिहून सूचनाफलकावर लावावा. पैशांवरून झालेला एक वादही मंडळ मोडायला पुरेसा होतो.

कार्यकारिणीत दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हवेतच. सगळी पदे शेवटच्या वर्षाकडे असली की परीक्षा संपते आणि मंडळही संपते. सहसचिव दुसऱ्या वर्षाचा असला तर पत्रव्यवहार, पत्ते आणि अनुभव पुढच्या तुकडीच्या हाती राहतात.

पाहुणा निवडताना बड्या नावाचा अट्टहास नको. गावाला पाणी पुरवणारा अभियंता, एसटी आगारातला जुना फोरमन, धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, एमआयडीसीतला लहान कारखानदार, या सर्वांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. तीन वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेला माजी विद्यार्थीही चालेल. पुण्यात शिकून १८८४ मध्ये सरकारी नोकरीत शिरलेल्या विश्वेश्वरय्यांना सुरुवातीच्या काळातच खानदेशात पांझरा नदीच्या प्रवाहापलीकडे पाणी नेणारा सायफन बांधण्याचे अवघड काम पार पाडावे लागले होते. अशा पहिल्या-वहिल्या कामातल्या अडचणी विद्यार्थ्यांना सर्वांत जवळच्या वाटतात.

निमंत्रणपत्रात विषय नेमका लिहावा. 'आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत' असे लिहिले की पाहुणे उपदेश करून जातात. 'आपल्या गावची पाणीगळती कशी शोधली?' असे विचारले की ते नकाशा घेऊन येतात. प्रवासखर्चाचे आधीच बोलून घ्यावे.

कार्यक्रमाच्या दिवशी दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार आणि आभार मिळून दहा मिनिटांत आटपावे. व्याख्यान चाळीस मिनिटांचे आणि प्रश्नोत्तरे तेवढ्याच वेळाची ठेवावीत. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीत विचारायचे म्हणून गप्प बसतात. त्यांना मराठीत विचारू द्यावे किंवा चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगावे. कार्यक्रम दुपारी चारला ठेवला तर बसने ये-जा करणाऱ्या मुलींनाही थांबता येते.

खरे काम यानंतर सुरू होते. आठवडाभरात सभासदांनी पुन्हा जमावे. एकाने व्याख्यानाचा सारांश वाचावा, दुसऱ्याने राहिलेले प्रश्न मांडावेत आणि एखादे लहान काम ठरवावे. वसतिगृहातल्या पंपाला वीज किती लागते, हे मोजणे किंवा आवारात पावसाचे पाणी कुठे तुंबते याचा नकाशा काढणे, अशी कामे पुष्कळ असतात. पुढच्या वेळी व्यासपीठावर पाहुण्याऐवजी याच विद्यार्थ्यांना उभे करावे आणि शक्य असेल तर पूर्वीच्या पाहुण्यांना ऐकायला बोलवावे.

पालकांनी काय करावे?

'मंडळ-बिंडळ करण्यापेक्षा अभ्यास कर' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. पालकांची काळजी चुकीची नाही. फी भरताना त्यांची किती ओढाताण होते, हे त्यांनाच ठाऊक असते. पण महिन्यातले चार-पाच तास गेल्याने गुण घटत नाहीत. उलट अनोळखी मोठ्या माणसाला पत्र लिहिणे, स्टेशनवर त्यांना घ्यायला जाणे, भरल्या सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणे, या गोष्टी मुलामुलींना नोकरीच्या मुलाखतीच्या आधीच अंगवळणी पडतात. मुलगी सचिव झाली म्हणून घरी यायला उशीर होत असेल तर तिला पदावरून दूर करण्याऐवजी तिच्या येण्या-जाण्याची सोय पाहावी. ओळखीत कोणी अभियंता, मिस्त्री किंवा कारखानदार असेल तर त्याचे नाव मंडळाला सुचवावे. ही मदत देणगीपेक्षा कमी नाही.

विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, अभियंता दिन म्हणून पाळला जातो. मंडळाच्या पहिल्या सभेला तो मुहूर्त चांगला आहे. मात्र त्या दिवशी पाहुण्यांना निरोप देण्यापूर्वीच दुसऱ्या सभेची तारीख आणि त्या सभेत बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव फळ्यावर लिहून टाकावे.